पोरक्या नातवंडांना वाढवणाऱ्या आजींसाठी छोटे उद्योग: निवड, मांडणी आणि हिशेब

मुलगा किंवा मुलगी गेल्यावर नातवंडे आजीच्या पदरात येतात, तेव्हा घरावर दोन ओझी एकाच वेळी पडतात. कमावता हात नाहीसा झालेला असतो, आणि ज्या वयात संसाराचा खर्च आटोपता यायला हवा त्याच वयात वह्या, गणवेश, औषधे आणि वाढत्या अंगाच्या मुलांचे दोन वेळचे जेवण यांची नव्याने तरतूद करावी लागते. अशा आजींनी घरबसल्या थोडी कमाई कशी उभी करावी, आणि त्यांच्या सोबतीला असलेल्या गटप्रमुख, शिक्षिका, आरोग्यसेविका किंवा शेजारणींनी त्यांना कशी मदत करावी, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

अशा मदतीची सुरुवात बहुधा प्रशिक्षणाने होते: आधी शिवण किंवा साबण करायला शिकवायचे, आणि मग विक्री कशी होईल याचा विचार करायचा. मला हा क्रम उलटा वाटतो. आयुष्यभर घर, शेत, जनावरे आणि बाजार सांभाळलेल्या बाईला कौशल्याची वानवा सहसा नसते. तिला वानवा असते ती वेळेची आणि अंगातल्या ताकदीची. म्हणून कोणताही उद्योग निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा: आजी आठ दिवस अंथरुणाला खिळली, तर हा धंदा तगेल का? ज्या धंद्यात आठ दिवसांच्या आजारपणाने सगळे भांडवल नासते किंवा सगळी गिऱ्हाइके तुटतात, तो धंदा कितीही नफ्याचा दिसला तरी या घरासाठी नाही.

धंद्याआधी हक्काचा पैसा

ज्या देशात वृद्धांसाठी निवृत्तिवेतन, अनाथ मुलांसाठी अनुदान किंवा शाळेची फीमाफी असेल, तिथे तो हक्काचा पैसा आधी मिळवावा आणि मगच कोंबड्या-बकऱ्यांचा विचार करावा. आजीच्या हातात पडलेल्या पैशाचे मोल काय असते, याचा भक्कम पुरावा दक्षिण आफ्रिकेत मिळाला. तिथे वर्णभेदाची राजवट संपत आली असताना कृष्णवर्णीय वृद्धांचे निवृत्तिवेतन बरेच वाढवण्यात आले. अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की हा पैसा घरातल्या वृद्ध स्त्रीला मिळत असेल तर नातींची उंची आणि वजन स्पष्टपणे सुधारत होते, आणि तोच पैसा वृद्ध पुरुषाला मिळत असेल तर तसा परिणाम दिसत नव्हता.

हक्काच्या पैशासाठी कागद लागतात, आणि नेमके तेच अशा घरात विखुरलेले असतात. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्मदाखले, आजीच्या नावाने कायदेशीर पालकत्वाचा कागद, लसीकरणाच्या व शाळेच्या नोंदी हे सगळे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावे आणि प्रत्येकाची एक प्रत गटाकडे द्यावी. घर किंवा जमीन मेलेल्या मुलाच्या नावावर असेल तर वारसनोंद आधी उरकावी. ज्या अंगणात आजी वाफे करणार, ते अंगणच उद्या एखाद्या नातलगाने आपले म्हणून मागितले, तर सगळी मेहनत जाते. दुःखाच्या दिवसांत ही कामे नकोशी वाटतात हे खरे आहे, म्हणूनच कार्यालयात जाताना आजीसोबत कोणीतरी असावे.

आजीचा दिवस आणि पैशाचा आकार

निवड करण्याआधी आठवडाभराचा दिनक्रम कागदावर मांडावा. लिहिता-वाचता येत नसेल तर सूर्य, चूल, शाळा, दवाखाना यांची चित्रे काढून चालते. पाणी भरणे, स्वयंपाक, लहानग्याला आंघोळ, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळे वजा केल्यावर सलग किती वेळ उरतो आणि तो दिवसाच्या कोणत्या प्रहरी उरतो, ते त्यातून दिसते. पुष्कळ आजींचा वेळ सलग उरतच नाही. तो अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत मिळतो, त्यामुळे हातातले काम मध्येच ठेवून उठता येईल असाच उद्योग त्यांना पेलतो. गुडघे, कंबर, डोळे आणि चालू असलेली औषधे यांबद्दलही मोकळेपणाने विचारावे. आजी म्हटले की सत्तरीची बाई डोळ्यांसमोर येते, पण अनेक जणी जेमतेम पंचेचाळीस-पन्नाशीच्या असतात, आणि त्यांना बाजारात बसण्याचे किंवा ओझे उचलण्याचे काम जमते. वयाकडे न पाहता त्या-त्या बाईकडे पाहून ठरवावे.

त्यानंतर पैशाचा आकार पाहावा. रोजच्या मीठ-तेलासाठी थोडा पण सतत येणारा पैसा लागतो, आणि फीसाठी वर्षातून एकदा मोठी रक्कम लागते. या दोन गरजा एका धंद्यातून क्वचितच भागतात. माझ्या मते एक रोजचा किंवा आठवड्याचा उद्योग आणि एक सावकाश वाढणारा उद्योग अशी जोडी सर्वांत टिकाऊ ठरते. मात्र दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नयेत. पहिला अंगवळणी पडल्यावरच दुसऱ्याला हात घालावा.

परसातल्या कोंबड्या

बहुतेक घरांसाठी मी पहिली पसंती कोंबड्यांना देईन. एक कोंबडा आणि चार-पाच गावठी कोंबड्या एवढ्यावर सुरुवात होते, खाद्याचा बराच भाग त्या स्वतः वेचून मिळवतात, आणि आजी आजारी पडली तर संध्याकाळी खुराडे लावण्याचे काम शेजारीणही करू शकते. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवल्यावर २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. खरे नुकसान त्यानंतर होते. पहिल्या चार-सहा आठवड्यांत घार, मांजर, थंडी आणि ओल यांमुळे बरीच पिल्ले दगावतात, म्हणून एवढे दिवस ती मोकळी न सोडता टोपलीखाली किंवा जाळीच्या आवारात आईसह ठेवावीत, त्यांना बारीक दाणा वेगळा द्यावा आणि पाण्याचे भांडे इतके उथळ असावे की त्यात पिल्लू बुडणार नाही.

दुसरा मोठा धोका मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा आहे. हा रोग आला की काही दिवसांत अंगणच्या अंगण रिकामे होते, आणि एकदा लागण झाल्यावर त्यावर औषध नाही. लस हाच उपाय आहे. खेड्यापाड्यांतल्या कोंबड्यांसाठी डोळ्यात एक थेंब टाकून देण्याची लस मिळते, आणि ती साधारण दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. एका बाटलीत पुष्कळ मात्रा असतात आणि फोडलेली बाटली टिकत नाही, म्हणून गटातल्या सगळ्या आजींनी एकच दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना एकत्र लस द्यावी. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. बाजारातून नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे तिला वेगळे ठेवावे. रोग घरात शिरतो तो बहुतेक वेळा याच वाटेने.

अंडी विकताना एक नियम पाळावा, तो म्हणजे घरातल्या मुलांचा वाटा आधी बाजूला काढावा. सगळी अंडी बाजारात गेली आणि नातवंडांच्या ताटात काहीच आले नाही, तर ज्यांच्यासाठी धंदा मांडला तीच मुले उपाशी राहतात.

सावकाश वाढणाऱ्या उद्योगात बकरी उत्तम. तिचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, आणि करडू विकण्याजोगे व्हायला आणखी काही महिने जातात. म्हणून फी भरण्याच्या महिन्यापासून मागे मोजत जावे आणि वर्ष-सव्वा वर्ष आधी बकरी फळवावी, म्हणजे पैसा हवा त्या वेळी बोकड तयार असतो आणि घाईत पडत्या भावाने विकावा लागत नाही. मात्र पाला आणायला लांब जावे लागत असेल तर बकऱ्या घेऊ नयेत, कारण मग ते काम हळूहळू मोठ्या नातीच्या गळ्यात पडते आणि तिची शाळा सुटते. गटातून बकरी द्यायची असेल तर तिची पहिली पाठ, म्हणजे मादी करडू, पुढच्या आजीला देण्याची अट घालावी. १९४४ साली डॅन वेस्ट यांनी सुरू केलेल्या हेफर संस्थेने ही पद्धत जगभर नेली. तिच्यात मला आवडते ते हे की जी आजी काल घेणारी होती ती आज देणारी होते, आणि मान वर करून बसते.

कमरेएवढा वाफा

भाजीपाला जमिनीवरच्या वाफ्यात लावला तर वाकणे, खुरपणे आणि पाणी वाहणे या तिन्ही गोष्टी आजीच्या अंगावर येतात. आफ्रिकेतल्या लेसोथो देशात यावर एक चांगला तोडगा रुजला आहे, तो म्हणजे कुलपाच्या भोकाच्या आकाराचा उंच वाफा. सुमारे दोन मीटर व्यासाचे दगडी गोल कडे कमरेएवढे उंच रचायचे, मधोमध काटक्यांची उभी टोपली ठेवायची आणि त्या टोपलीपर्यंत जायला एका बाजूने चिंचोळी वाट सोडायची. टोपलीत रोजचा ओला कचरा टाकायचा आणि भांडी-भाज्या धुतलेले पाणी ओतायचे. ते झिरपत सगळ्या मातीला ओल आणि खत पुरवते. उभ्याने काम होते आणि हाताशी सगळे येते, म्हणून आजारी आणि अशक्त माणसांनाही हा वाफा सांभाळता येतो. दगड-माती वाहण्याचे आणि रचण्याचे काम मात्र गटाने किंवा शेजारच्या तरुणांनी एका दिवसात करून द्यावे. तीव्र साबण किंवा जंतुनाशक मिसळलेले पाणी त्यात ओतू नये.

जागा अगदीच नसेल तर माती-खत भरलेल्या पोत्याच्या बाजूंना भोके पाडून पालेभाजी लावता येते. नैरोबीतल्या किबेरासारख्या दाट वस्तीत अशी पोती उंबऱ्याशी उभी असतात. पालेभाजी महिना-दीड महिन्यात काढणीला येते, आणि घराला पुरून उरलेली जुडी विकणे हा पहिल्या कमाईचा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग आहे.

हातातले आणि घरातले उद्योग

शिवणकामात फॅशनच्या कपड्यांपेक्षा गणवेश, उशांचे अभ्रे, कापडी पिशव्या आणि धुऊन पुन्हा वापरता येणारे सॅनिटरी पॅड यांना कायम मागणी असते, आणि मापे ठरलेली असल्यामुळे एका आजीने कापायचे आणि दुसरीने शिवायचे अशी वाटणी करता येते. गणवेशाची मागणी शाळेकडून गटाच्या नावाने घ्यावी, एकट्या आजीच्या नावाने घेऊ नये, कारण ऐन मोसमात ती आजारी पडली तर काम दुसरीकडे सरकवता यायला हवे. पाय चालवायचे मशीन गुडघ्यांना सोसत नसेल तर हातमशीन घ्यावे.

मशीन घेण्याच्या आधी आजीचे डोळे तपासून घ्यावेत. जवळचे दिसण्याचा साधा चष्मा हे या धंद्यातले सर्वांत स्वस्त भांडवल आहे. बांगलादेशात ३५ ते ६५ वयाच्या हातकाम करणाऱ्या लोकांना असे चष्मे देऊन एक चाचणी घेण्यात आली, तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, आणि आठ महिन्यांनी चष्मे मिळालेल्यांचे मासिक उत्पन्न न मिळालेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळले. सुई ओवता येत नाही म्हणून जी आजी ‘आता माझ्याने होत नाही’ म्हणते, तिच्यासाठी याहून मोठी मदत क्वचितच असेल.

दोन आजींनी मिळून शेजारच्या नोकरदार आयांची लहान मुले दिवसा सांभाळणे हाही चांगला धंदा आहे, कारण स्वतःच्या नातवंडासाठी त्या घरी थांबलेल्याच असतात. एका आजीकडे तीन-चारपेक्षा जास्त मुले नसावीत, विहीर-चूल-रस्ता यांपासून जागा बंदिस्त असावी, आणि मुलांना कोण घेऊन जाणार ते आधी ठरलेले असावे. एकटीने मात्र हे काम घेऊ नये. आठ दिवसांच्या कसोटीवर ते लगेच नापास होते.

धिंगरी अळिंबी काडावर वाढते, कमी जागेत महिनाभरात पहिली काढणी देते, पण ती ताजी टिकत नाही आणि तिच्या बारीक बीजाणूंनी खोकला वाढतो, म्हणून ती झोपायच्या खोलीत कधीही वाढवू नये आणि दमेकरी आजीने तिच्या वाटेला जाऊ नये. साबणाबद्दल माझे मत अधिक कडक आहे. कॉस्टिक सोडा डोळे आणि घसा जाळतो. रांगते मूल असलेल्या घरात तो नकोच. गटाच्या वेगळ्या, कुलूपबंद जागेतच साबण करावा, सोडा नेहमी पाण्यात टाकावा आणि पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये, हातमोजे आणि डोळे झाकणारा संरक्षक चष्मा घालावा, आणि थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता, केलेला साबण चार ते सहा आठवडे सुकू द्यावा. मण्यांचे दागिने आणि विणलेल्या टोपल्या पाहायला सुंदर असतात, परंतु त्यांचे गिऱ्हाईक बहुधा दूरचे असते. दूरचा खरेदीदार एका हंगामात थांबला की घरात माल पडून राहतो. खरेदीदाराने आगाऊ रक्कम दिली तरच तो माल करावा.

भांडवल कुठून आणावे

कर्ज घेऊन सुरुवात करण्याच्या मी विरोधात आहे. दर आठवड्याला हप्ता मागणारे कर्ज कोंबडी अंड्यावर येण्याची वाट पाहत नाही, आणि मग हप्ता भरण्यासाठी कोंबडीच विकावी लागते. घर किंवा जमीन तारण ठेवून तर एक पैसाही घेऊ नये.

त्याऐवजी बचतगट करावा. १९९१ साली केअर संस्थेने नायजर देशातल्या मराडी भागात सुरू केलेली बचतगटाची रीत पुढे अनेक देशांत पसरली, आणि ती अशी आहे: पंधरा ते पंचवीस जणी ठरलेल्या दिवशी जमतात, प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे ठरलेल्या रकमेचे एक ते पाच वाटे टाकते, वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तिकेत तेवढे शिक्के मारले जातात, त्या पैशातून सभासदांना छोटी कर्जे दिली जातात, आणि साधारण वर्षभराने सगळी रक्कम व्याजासह वाटून घेऊन नवे चक्र सुरू होते. पैशांच्या पेटीला तीन कुलपे असतात, किल्ल्या तीन वेगळ्या घरांत असतात आणि पेटी चौथ्या घरात असते. वाटपाचा महिना फीच्या महिन्याला जुळवून घ्यावा. शिवाय आजारपण आणि मयतीसाठी एक लहान निधी वेगळा ठेवावा. आजीच्या धंद्याचे भांडवल बुडते ते बहुधा अशाच प्रसंगी.

पैशाखेरीज आणखी एका कारणासाठी गट हवा. या बायकांनी पोटची मुले गमावलेली असतात, आणि नातवंडांसमोर रडायचे नाही म्हणून त्या ते दुःख गिळून बसतात. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एड्समुळे मुले गमावलेल्या आजींचा गट २००१ पासून एकत्र येतो, आणि तिथे हस्तकलेइतकेच एकमेकींशी बोलणेही महत्त्वाचे मानले जाते. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेच्या म्बारे भागात १४ आजींना सोबत घेऊन बाकावर बसून करायच्या समुपदेशनाचे काम उभे केले. तिथे मदत घेऊन गेलेल्या बायका पुढे गोलाकार बसून विणकाम करत बोलत राहतात. म्हणून बैठकीत हिशेब संपला की लगेच उठू नये. अर्धा तास नुसत्या बोलण्यासाठी राखून ठेवावा.

हिशेब आणि उधारी

तीन डबे करावेत: एक मालाचा, एक घराचा, एक शाळेचा. समजा माल आणायला १०० लागले आणि विक्री १४० झाली, तर आधी १०० मालाच्या डब्यात परत जातील, आणि उरलेल्या ४० मधून घर व शाळा यांची वाटणी होईल. विक्रीचे सगळे १४० हातात दिसतात तेव्हा ते सगळेच आपले वाटतात, आणि बहुतेक छोटे धंदे इथेच संपतात. माल आणायला जाण्याचे भाडे, फुटलेली अंडी आणि न विकला गेलेला माल हेही खर्चातच धरावे. घरात खाल्लेल्या अंड्या-भाजीची नोंद खड्यांनी का होईना ठेवावी, कारण ती खरी कमाई आहे आणि ती मोजली नाही तर धंदा चालत नाही असा समज होतो.

उधारी हा सर्वांत नाजूक भाग आहे. दारात आलेल्या शेजारणीला आजी नाही म्हणू शकत नाही, कारण अडचणीच्या वेळी तीच शेजारीण धावून आलेली असते. म्हणून उधारी न देण्याचा नियम गटाने करावा, म्हणजे ‘गटाचा नियम आहे’ एवढे सांगून आजीला सुटता येते आणि नाते तुटत नाही.

नातवंडांनी मदत करावी का, हा प्रश्न नेहमी येतो. शाळेतून आल्यावर अंडी गोळा करणे, डब्याचा हिशेब लिहिणे, झाडांना पाणी घालणे यात गैर नाही; हिशेब लिहिणाऱ्या मुलाचे गणितही सुधारते. पण शाळेच्या वेळेत, अंधारात, रस्त्यावर किंवा ओझे वाहण्यासाठी मुलाला लावू नये. मुलाच्या गैरहजेरीशिवाय धंदा चालत नसेल, तर धंदा लहान करावा.

जोडीदारीण

प्रत्येक आजीला गटातल्या दुसऱ्या एका आजीची जोड द्यावी आणि दोघींनी महिन्यातून एकदा एकमेकींचे काम करून पाहावे, म्हणजे खुराड्याची कडी कशी लागते आणि गिऱ्हाईक कोणत्या वेळी येते हे ऐकून नव्हे तर करून माहीत होते. मालाच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा. पुढची लस कधी आहे, कोणाकडून किती येणे आहे, कोणाची आगाऊ रक्कम घेतली आहे, कागदपत्रांची पिशवी कुठे आहे, कोणत्या मुलाला कोणते औषध चालू आहे, आणि आजी दवाखान्यात असेल तेव्हा रात्री मुलांसोबत कोण झोपायला येणार, एवढ्या गोष्टी त्यावर असाव्यात. दर वाटपाच्या दिवशी तो कागद जोडीदारणीसमोर आणि मोठ्या नातवंडासमोर मोठ्याने वाचावा आणि जे बदलले असेल ते तिथेच खोडून नवे लिहावे.